अमिगाच्या बॅटरीतून ॲसिड गळत नाही

कमोडोर कंपनीचं दिवाळं १९९४ साली वाजलं. तिचे अमिगा हे घरगुती संगणक मात्र जर्मनी-ब्रिटनमधले चाहते आजही चालते ठेवतात. बोर्ड पार कामातून गेला तर त्याची हुबेहूब प्रत नव्याने बनवून जुन्या चिप्स तिच्यावर बसवतात. अमिगाच्या खास चिप्स आता कुठे तयार होत नाहीत, म्हणून त्या वाचवणं मोलाचं. तिथेच एक गैरसमज नडतो: ‘बॅटरीतलं ॲसिड सांडलंय, खाण्याचा सोडा लाव.’

हा उपाय इन्व्हर्टरच्या बॅटरीचा. तिच्यात सल्फ्युरिक आम्ल असतं. अमिगा २००० च्या बोर्डवर प्रोसेसरला खेटून बसलेली ३.६ व्होल्टची बॅटरी निकेल-कॅडमियमची. तिच्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कडक आम्लारी. सोडाही आम्लारीच्याच बाजूचा, म्हणून इथे तो कामाचा नाही; हवं सौम्य आम्ल.

ही आम्लारी नुसती ठिबकत नाही, सरपटत जाते. सील जुनं झालं की ऋण टोकाच्या धातूवर द्रावाची पातळ साय धरते. सायीच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि पाण्याशी मिळून हायड्रॉक्साइड आयन बनवतो. त्यांचा ऋण भार तोलायला मागून पोटॅशियम आयन ओढले जातात. कड जास्त तीव्र झाली की पाणीही तिकडे धावतं, आणि कड पुढे सरकते. पुन्हा तेच. असं करत द्राव तांब्याच्या रेघांवरून, हिरव्या लेपाखालून सॉकेटच्या पायांपर्यंत जातो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं पांढरं पोटॅशियम कार्बोनेट होतं, तांबं हिरवं-निळं पडतं. म्हणून ‘तीस वर्षं खोक्यातून काढलेलाच नाही’ या जाहिरातीला भुलू नये. खोकं उघडलेलं नाही, म्हणजे बॅटरीही आतच आहे.

हातमोजे घालून बॅटरी आधी कातरून काढा. सुमारे ५ टक्क्यांचं पांढरं व्हिनेगर मऊ टूथब्रशने लावा, बुडबुडे थांबेपर्यंत. लगेच डिस्टिल्ड पाण्याने धुवा, कारण मागे राहिलेलं व्हिनेगरही तांबं खातं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून दिवसभर वाळवा. प्रोसेसरचं ६४ पायांचं सॉकेट आतून सडलं असेल तर बदला. राखाडी पडलेलं सोल्डर नुसत्या उष्णतेला दाद देत नाही. फ्लक्स (सोल्डर नीट वितळून वाहू देणारं रसायन) आणि ताजं सोल्डर घालून मगच उपसा. काळ्या रेघांवरचा लेप खरवडा, मल्टिमीटर दोन टोकांना लावा, बीप आला नाही तर बारीक तार जोडा.

बॅटरीच्या जागी सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल बसवायचा तर मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवाच. बोर्ड बॅटरीला चार्ज करतो, आणि लिथियमचा हा सेल चार्ज केला तर फुटू शकतो. जागा रिकामी ठेवली तरी संगणक चालू होतो. फक्त बंद केला की घड्याळ वेळ विसरतं.