आक्रमक मनोरुग्णांविषयी आपत्कालीन परिचारिकांचा दृष्टिकोन

आपत्कालीन विभागात आलेला मानसिक आजाराचा रुग्ण शिवीगाळ, धमकी, तोडफोड किंवा मारहाण करू लागला, की परिचारिकांच्या मनात उमटणाऱ्या भावना, त्याच्या वागण्याचा त्या लावत असलेला अर्थ आणि त्यानुसार त्यांच्या हातून होणारी कृती, या तिन्हींचा समावेश प्रस्तुत संकल्पनेत होतो. परिचर्याशास्त्र, मानसोपचार आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता या तिन्ही शाखांत तिचा अभ्यास होतो. परिचारिका हा शब्द येथे या कामातील पुरुषांनाही धरून वापरला आहे.

रुग्णाची निकड ठरवणाऱ्या पहिल्या तपासणीपासून त्याच्या सर्वांत जवळ परिचारिकाच असते आणि साहजिकच पहिला फटकाही तिलाच बसतो. तिच्या भीतीला केवळ पूर्वग्रह ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद आणि पब्लिक सर्व्हिसेस इंटरनॅशनल हा सार्वजनिक सेवांतील कामगार संघटनांचा जागतिक महासंघ यांनी २००२ मध्ये आरोग्यक्षेत्रातील हिंसेविषयी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि शारीरिक हल्ल्याबरोबर मानसिक हिंसेचीही त्यांत दखल घेतली. तरीही ‘हे कामात आलेच’ असे म्हणून शाब्दिक हल्ल्याची नोंदच न करण्याची सवय या विभागांत खोलवर रुजलेली आढळते.

या दृष्टिकोनाचा गाभा कारणमीमांसेत आहे. रुग्णाचे वागणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे असे वाटले तर कणव येते, तो मुद्दाम करतो आहे असे वाटले तर राग येतो. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वाइनर यांच्या कारणारोपण सिद्धांतात नियंत्रणक्षमतेच्या या निकषाला महत्त्वाचे स्थान आहे. लॉरेटा लक, डेब्रा जॅक्सन आणि किम अशर यांच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात (२००८) परिचारिका प्रत्येक हिंसक घटनेचा वेगळा अर्थ लावतात असे दिसले. हल्ला आपल्यावर व्यक्तिशः रोखलेला होता का, रुग्णाचा दोष सौम्य ठरवणारे काही कारण होते का आणि तो मुळात कशासाठी आला होता, यांवर हा अर्थ अवलंबून होता. त्यामुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाने मारलेला हात क्षम्य ठरतो, पण दारू किंवा अमली पदार्थ घेतलेल्या, स्वतःला इजा करून वारंवार येणाऱ्या किंवा व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान असलेल्या माणसाचे नुसते ओरडणेही असह्य वाटू शकते.

इंग्लंडमधील संशोधक जॉय डक्सबरी यांनी आक्रमकतेची स्पष्टीकरणे तीन प्रकारांत मांडली: आजारातून येणारी, परिसरातून येणारी आणि दोन माणसांमधील व्यवहारातून येणारी. मानसोपचार विभागांतील त्यांच्या अभ्यासांत कर्मचाऱ्यांचा भर प्रामुख्याने आजारावर होता. रुग्णांनी मात्र परिसराकडे आणि संवादातील उणिवांकडे बोट दाखवले. आपत्कालीन विभागाच्या संदर्भात रुग्णांचे हे म्हणणे विशेष गांभीर्याने घ्यावे लागते. प्रखर दिवे, यंत्रांचे सततचे आवाज, पडद्यापलीकडचे विव्हळणे, मानसोपचार विभागात खाट मिळेपर्यंत तासन्‌तास चालणारी प्रतीक्षा आणि पुढे काय होणार हे कोणीच न सांगणे, यांनी निरोगी माणसाचाही तोल ढळू शकतो. ज्याला आपल्या जिवावर कोणी उठले आहे असा भ्रम झाला आहे, त्याला तर हे सारे आपल्या संशयाला मिळालेला पुरावाच वाटते.

निदानाचा शिक्का बसला की शारीरिक तक्रारीही त्याच्याच खाती मांडल्या जातात. स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये बौद्धिक अक्षमतेच्या संदर्भात वर्णिलेला हा दोष पुढे सर्व मानसिक आजारांना लागू करण्यात आला. रक्तातील साखर घटणे, प्राणवायूची कमतरता, डोक्याला मार, जंतुसंसर्गातून आलेली भ्रांती किंवा दारू अचानक बंद झाल्याचे परिणाम यांतूनही माणूस हिंसक होतो, आणि ‘नेहमीचाच रुग्ण आहे’ या एका वाक्याने अशी जीवघेणी अवस्था नजरेआड होऊ शकते.

या विभागातील परिचारिकेला रुग्ण त्याच्या सर्वांत वाईट घटकेतच दिसतो. तोच माणूस बरा होऊन कामावर गेलेला तिला दिसत नाही. त्यामुळे मानसिक आजार आणि हिंसा यांची सांगड तिच्या मनात वास्तवापेक्षा घट्ट बसते. अमेरिकेत मानसोपचार रुग्णालयांतून घरी सोडलेल्या रुग्णांच्या मॅकआर्थर अभ्यासात (१९९८) मद्य वा अमली पदार्थांच्या गैरवापराची लक्षणे नसलेल्या रुग्णांमधील हिंसेचे प्रमाण त्यांच्याच वस्तीतील अशी लक्षणे नसलेल्या इतर रहिवाशांपेक्षा लक्षणीय वेगळे आढळले नाही.

भीती किंवा राग वरचढ झाला की परिचारिका अंतर राखते, बोलणे तुटक होते आणि बांधून ठेवणे किंवा शामक औषध टोचणे हे उपाय लवकर वापरले जातात. पालथे दाबून धरल्यास श्वास कोंडून मृत्यूही ओढवू शकतो. अमेरिकेतील आपत्कालीन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये मांडलेल्या शिफारशींत म्हणूनच शब्दांनी शांत करण्याला अग्रक्रम आहे: दोन हातांचे अंतर ठेवावे, एकाच व्यक्तीने बोलावे, वाक्ये लहान असावीत आणि रुग्णाला काय हवे आहे ते विचारावे.

प्रशिक्षणाने हा दृष्टिकोन किती बदलतो, याचे उत्तर संमिश्र आहे. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार प्रशिक्षणामुळे ज्ञान वाढू शकते आणि दृष्टिकोनही सुधारू शकतो, पण त्यामुळे हल्ले कमी होतात असे दिसून येत नाही. हे अपेक्षितच म्हणावे लागेल, कारण प्रतीक्षा, गर्दी आणि अपुरे मनुष्यबळ परिचारिकेच्या हातात नसते. शांत स्वतंत्र खोली, विभागातच उपलब्ध असणारी मानसोपचार परिचारिका आणि घटनेनंतर मन मोकळे करण्यासाठी राखलेला वेळ या सोयी संस्थेनेच करायच्या असतात. त्या नसल्या की मार खाल्लेली परिचारिका थरथरत्या हातांनी पुढच्या खाटेकडे वळते.