मणक्यात गॅप आलाय, मग आता वाकायचंच नाही का?

मी सांगलीत फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, आणि कंबरदुखीचा पेशंट खुर्चीत टेकायच्या आत जे वाक्य बोलतो ते मला आता पाठ झालंय, "मॅडम, मणक्यात गॅप आलाय."

तासगावकडच्या एक मावशी आलेल्या. बेदाणा निवडायचं काम, दिवसभर शेडमध्ये खाली बसून, मान आणि कंबर पुढं. दोन वर्षं दुखत होतं. एमआरआयचं पाकीट पायाशी पिशवीत होतं, ते काढायला सुद्धा त्या वाकल्या नाहीत, सुनेला काढायला लावलं. "गादी सरकलीया म्हणत्यात. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई." दुखण्यापेक्षा या 'न्हाई'नं त्यांचं जास्त वाटोळं केलेलं, काम सुटलं, झोप गेली, लग्नाकार्याला जाणं बंद, आणि घरात सगळ्यांना वाटायचं की ह्या आता कायमच्या आजारी.

गॅप म्हणजे बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, झिजलेली किंवा थोडी फुगलेली असते. आता हे नीट वाचा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचे निष्कर्ष २०१५ मध्ये एकत्र करून बघितले, तर पन्नाशीतल्या साधारण ८० टक्के लोकांची डिस्क झिजलेली आणि ६० टक्के लोकांची फुगलेली निघाली. दुखणं शून्य! म्हणजे चाळिशीत चष्मा लागतो तसंच बरंचसं हे, आणि रिपोर्टमध्ये लिहिलंय म्हणून दुखणं तिथूनच येतंय असं धरता येत नाही.

मग दुखतं का? तर दुखतं, खरंच दुखतं, कुणी मनाचे खेळ म्हटलं तर मला राग येतो. पण तीन महिन्यांच्या वर गेलेल्या दुखण्यात नसा आणि मेंदू जास्त हळवे झालेले असू शकतात. झणझणीत रस्सा खाल्ल्यावर कोमट चहा पण जिभेला भाजतो ना, चहा तेवढाच कोमट असतो, जीभ बदललेली असते, तसंच साधं वाकणं पण कंबरेला चटका देतं. आपण घाबरून वाकणं सोडतो, स्नायूंची ताकद जाते, मग अजून थोड्याशानं दुखतं, अजून भीती. हे चक्र एकदा सुरू झालं की पडून राहून सुटत नाही. नवीन दुखण्यात पण नाही, हेलसिंकीत १९९५ साली १८६ कामगारांवर तपासलं, दोन दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा जमेल तशी रोजची कामं चालू ठेवणारे लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुन्या कंबरदुखीसाठी व्यायाम सांगितलाय, आणि कंबरेच्या पट्ट्याची शिफारस सरसकट करू नका असंही आहे.

कुठला व्यायाम, हे सगळे विचारतात. चालणं, योगासनं, ताकदीचे व्यायाम, यातलं तुम्हाला रोज जमेल ते. फरक फार मोठे नाहीत.

मावशींना आठ मिनिटं चाललं की कळ वाढायची, म्हणून आम्ही सहा मिनिटांपासून सुरुवात केली, घरापासून दूध डेअरीच्या दिशेनं आणि परत. दर दोन-तीन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. बरं वाटलं म्हणून एकदम अर्धा तास नाही (इथंच सगळे फसतात, एका दिवसात साठलेली सगळी कामं उरकतात आणि मग तीन दिवस अंथरुणात), आणि थोडं दुखलं म्हणून सुट्टी पण नाही. वाकायची प्रॅक्टिस रिकाम्या घमेल्यानं, मग त्यात किलोभर बेदाणा, मग दोन किलो. पहिल्यांदा घमेलं उचलताना त्यांनी श्वास रोखून डोळे मिटलेले, मी म्हटलं मावशी श्वास सोडा, काही तुटत नाहीये.

एक मात्र लक्षात ठेवा. लघवी-संडासवरचा ताबा जाणं, लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, आणि ताप, आपोआप वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं किंवा पडल्यावर सुरू झालेलं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

तीन महिन्यांनी मावशींचं दुखणं दहापैकी सातावरून पाचावर आलेलं. नुसता आकडा बघितला तर काय मोठं झालं असं वाटेल. पण शेडमध्ये त्या परत जायला लागल्या, दर वीस मिनिटांनी उठून दोन फेऱ्या मारून परत बसायच्या. आणि घटाच्या आधीची धुणी, जी दोन वर्षं सुनेवर पडलेली, त्याला त्या स्वतः ओढ्यावर गेल्या. ओली गोधडी एका टोकाला सून, एका टोकाला ह्या, दोघींनी पिळली. संध्याकाळी कंबर चांगलीच बोलली. फोन आला, मी जरा धास्तावले, तर म्हणाल्या, "दुखतंय हो, पण सकाळी चालायला जाऊ का, एवढंच विचारायचं हुतं."