हृदयाला छिद्र असलेल्या मुलाचा रेंगाळणारा ताप

हृदयाच्या आतील अस्तराला, विशेषतः झडपांना, होणाऱ्या जंतुसंसर्गाला इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. मुलांमध्ये तो विरळा असला, तरी जन्मजात हृदयदोष असलेल्या किंवा ऱ्हुमॅटिक तापाने (घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणाऱ्या, सांधे आणि हृदयाला इजा करणाऱ्या आजाराने) झडपा खराब झालेल्या मुलांना त्याचा धोका बराच अधिक असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मात्र हृदय निर्दोष असूनही, मोठ्या शिरेत दीर्घकाळ ठेवलेल्या नळीवाटे तो होऊ शकतो.

निरोगी अस्तरावर जिवाणू सहसा टिकत नाहीत. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असेल, तर डावीकडचे जास्त दाबाचे रक्त त्यातून वेगाने उजवीकडे जाते आणि हा झोत आदळतो तिथले अस्तर खरवडले जाते. त्या जागी प्लेटलेट आणि फायब्रिन हे रक्त गोठवणारे घटक साचून गाठ बनते आणि तोंडातून किंवा त्वचेवरील जखमेतून रक्तात शिरलेले जिवाणू त्यात घर करतात. छिद्र लहान आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, कारण अरुंद वाटेतून येणारा झोत उलट अधिक जोरकस असतो.

लक्षणे फसवी असतात. आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा बारीक ताप, मंदावलेली भूक, घटणारे वजन आणि फिकटपणा यांवरून हृदयाची शंका चटकन येत नाही. या गाठीचा तुकडा सुटून मेंदूत अडकला, तर पक्षाघात होऊ शकतो. उजव्या बाजूचे तुकडे फुप्फुसात जातात आणि आजार न्यूमोनियासारखा भासतो.

निदानातील खरी अडचण बहुधा आपणच निर्माण करतो. ताप आला की अँटिबायोटिकचे औषध सुरू करण्याची सवय इथे महागात पडते, कारण चार-पाच दिवसांच्या औषधाने रक्तातील जिवाणू दबतात, गाठीतले जिवंत राहतात, औषध थांबताच ताप परततो आणि ब्लड कल्चरमध्ये (रक्तातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) मात्र काहीच उगवत नाही. म्हणून शंका असल्यास औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी, वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून, साधारणपणे तीन नमुने घेतात. सोबत टूडी इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) गाठ शोधतात. जिवाणू नेमका कळला की औषधही नेमके निवडता येते. ते शिरेवाटे, बहुधा ४ ते ६ आठवडे द्यावे लागते, कारण गाठीच्या आत पांढऱ्या पेशी फारशा पोहोचत नाहीत. झडप निकामी होऊ लागल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

दातांच्या उपचारापूर्वी अशा बहुतेक मुलांना पूर्वी अँटिबायोटिक दिले जाई. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही शिफारस सर्वाधिक धोक्याच्या गटांपुरती मर्यादित केली. उदाहरणार्थ, कृत्रिम झडप असलेली, पूर्वी हाच आजार झालेली किंवा शस्त्रक्रिया न झालेली ‘निळी’ मुले (हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून त्वचा निळसर दिसणारी). दात घासताना आणि चावताना रोजच थोडे जिवाणू रक्तात जातात. किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या असतील, तर ते अधिक जातात. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ असे म्हणून कीड तशीच ठेवणे या मुलांच्या बाबतीत चुकीचे आहे, आणि हृदयाच्या नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी त्यांना दंतवैद्याकडे पाठवले जाते ते याच कारणाने.