मोटरहोममागे कार ओढायची आहे? मुंबईतून न्यायचा परवाना आणि अमेरिकेत करायची ब्रेकची तपासणी

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जाणाऱ्या काही मुंबईकरांच्या बेतात हल्ली मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, असतं. घरच्यांनी ते विकत घेतलेलं असतं आणि मागे टो बारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, एक कार जोडलेली असते, चारही चाकं रस्त्यावर टेकलेली. मुक्कामाला पोचलं की मोटरहोम उभं करायचं आणि कार सोडवून गावात फिरायचं. लांबचा पल्ला असतो, तेव्हा आईबाबांनीही थोडं चालवावं असं ठरतं आणि इथे आरटीओच्या कामाला सुरुवात होते.

कामं दोन आहेत. एक कागदाचं: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी. त्याचा फॉर्म, फी, पात्रता सगळं ठरलेलं आहे. दुसरं काम मागच्या कारला बसवलेल्या पूरक ब्रेकचं. त्याला फॉर्म नाही, शिक्का नाही आणि निघण्याआधी कुणी निरीक्षक येऊन गाडी पास करून देत नाही. लोक पहिल्या कामासाठी एजंट गाठतात आणि दुसरं जावयावर सोडतात. माझ्या मते जास्त वेळ दुसऱ्याला द्यायला हवा, पण आधी कागद उरकू.

पात्रता

वय १८ पूर्ण, भारतीय नागरिकत्व आणि चालू मुदतीचं पक्कं लायसन्स. लर्निंग लायसन्सवर आयडीपी मिळत नाही. परवान्याची मुदत काढल्या तारखेपासून एक वर्ष किंवा तुमच्या मूळ लायसन्सची मुदत, यातलं जे आधी संपेल ते.

निवृत्त मंडळी नेमकी इथेच अडकतात. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान काढलेलं लायसन्स दहा वर्षं चालतं, ५० ते ५५ मध्ये काढलेलं साठाव्या वर्षापर्यंत आणि ५५ नंतरचं फक्त पाच वर्षं. लायसन्स ऑक्टोबरमध्ये संपत असेल आणि तुम्ही जुलैत आयडीपी काढलात, तर हजार रुपये भरून हातात तीनच महिन्यांचा कागद येतो. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणून आधी लायसन्सचं नूतनीकरण उरका आणि मग आयडीपीला हात घाला. चाळिशीपुढच्यांना नूतनीकरणासाठी डॉक्टरांनी भरलेला फॉर्म १ए लागतो.

जुनं पुस्तकाच्या आकाराचं लायसन्स अजून कपाटात असेल, तर त्याची नोंद सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर आहे का ते आधी पाहा. नसेल तर ज्या कार्यालयाने ते दिलं तिथून नोंद चढवून घ्यावी लागते. तिकीट काढायच्या आधीच हे तपासलेलं बरं.

अर्ज कुठे, कसा

मुंबईत चार कार्यालयं आहेत: ताडदेव (एमएच ०१), अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) आणि बोरिवली (एमएच ४७). तुम्ही राहता तो भाग ज्या कार्यालयाकडे येतो, तिथे अर्ज जातो. अर्ज ऑनलाइन भरायचा: परिवहनच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये आंतरराष्ट्रीय परवाना निवडा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाका. फॉर्म ४ए. फी १००० रुपये. आधार पडताळणीने घरबसल्या करता येणाऱ्या सेवांची जी यादी केंद्राने २०२१ मध्ये काढली, तिच्यात ही सेवा आहे. तरीही कार्यालयात बोलावलं, तर मूळ कागद घेऊन जा.

कागदपत्रांत लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो. पूर्वी व्हिसाची प्रत आणि वैद्यकीय दाखला सक्तीचा होता. २०२१ च्या दुरुस्तीने या दोन्ही अटी काढल्या, कारण काही देश विमानतळावर उतरल्यावरच व्हिसा देतात आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याला पुन्हा वैद्यकीय कशाला. पण व्हिसा हातात असेल तर प्रत फाइलमध्ये ठेवा, त्यात तोटा काही नाही. लायसन्सवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते मात्र पाहा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं आणि लायसन्सवर माहेरचंच राहिलं, अशी कितीतरी घरं आहेत.

अमेरिकेत पोचल्यावर काढू, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तिथल्या संस्था तिथलं लायसन्स असणाऱ्यालाच आयडीपी देतात. तुमचा परवाना इथूनच निघायला हवा.

त्या परवान्यावर काय लिहिलेलं असतं

आयडीपी हे स्वतंत्र लायसन्स नाही. तुमच्या भारतीय लायसन्सला दिलेली ती एक प्रमाणित जोड आहे. मूळ लायसन्स घरी ठेवून नुसता आयडीपी दाखवला, तर त्याला काही अर्थ उरत नाही. २०२२ पासून त्याचा नमुना देशभर एकसारखा झाला, त्यावर क्यूआर कोड आला, आणि भारतीय वाहनवर्ग व आंतरराष्ट्रीय करारांतले वर्ग यांचा तक्ताही जोडला गेला.

हा तक्ता नीट वाचा. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात बी वर्गात चालकाखेरीज आठ आसनांपर्यंतची प्रवासी गाडी येते आणि तिच्यामागे फक्त हलका ट्रेलर चालतो. हलका म्हणजे कमाल ७५० किलो. त्याहून जड काही ओढायचं, तर ई वर्ग लागतो. मोटरहोमच्या मागे जोडली जाणारी कुठली कार ७५० किलोत बसते? आपली साधी स्विफ्टसुद्धा त्याच्या वर जाते आणि अमेरिकेत या कामासाठी लोकप्रिय असलेली दोन दारांची जीप रँग्लर १८०० किलोच्या आसपास भरते. म्हणजे नेहमीच्या एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसन्सवर निघालेल्या आयडीपीच्या जोरावर जोडलेली गाडी चालवायला मिळेल, असं धरून चालू नये.

मोटरहोमच्या वजनाचाही विचार करा. इथे एलएमव्हीची मर्यादा ७५०० किलो आहे. तिथलं व्हॅनच्या सांगाड्यावरचं मोटरहोम बहुधा या आत बसतं, पण बससारखं मोठं घेतलं असेल तर ते सहज पुढे जातं. परदेशी लायसन्स किती काळ आणि कशासाठी चालेल, हेही तिथे राज्यागणिक बदलतं. मुलाने विमा कंपनीला ईमेल करून दोन प्रश्न विचारावेत: पाहुणा चालक चालेल का आणि मागे कार जोडलेली असताना चालेल का. उत्तर लेखीच घ्या. माझं मत विचाराल तर कार जोडलेली असताना तिथलं लायसन्स असलेल्यानेच चालवावं. आईबाबांनी नुसतं मोटरहोम किंवा सोडवलेली कार चालवावी. मोटरहोम भाड्याचं असेल तर प्रश्नच मिटतो, कारण भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या मागे कार ओढू देत नाहीत.

इथे परत येऊन मुंबई-गोवा महामार्गावर हाच प्रयोग करावा, असं कुणाच्या मनात आलं तर नियम आधी पाहा. आपल्याकडे बंद पडलेली किंवा अर्धवट जोडणीची गाडी, नोंदणीकृत ट्रेलर आणि साइडकार एवढंच ओढता येतं. चालू स्थितीतली कार सोय म्हणून मागे बांधून नेता येत नाही.

मागच्या गाडीला वेगळे ब्रेक कशाला

मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या वजनासाठी बनवलेले असतात. मागे दीड-दोन टन आले की उतारावर थांबायला अंतर जास्त लागतं आणि पुढचे ब्रेक तापत जातात. तापलेले ब्रेक पकड सोडतात. बऱ्याच राज्यांत ओढलेल्या वाहनाचं वजन ३००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १३६० किलोंच्या वर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत. काही ठिकाणी ही मर्यादा खाली आहे, काही ठिकाणी वर. शिवाय मोटरहोमचा सांगाडा बनवणारी कंपनी आपल्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा घालते आणि ती अनेकदा कायद्याहून कडक असते. दोन्हींतली जी कमी, ती धरा.

पूरक ब्रेकचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक पेटीसारखा: चालकाच्या सीटपुढे ठेवायचा, त्याचा दांडा पेडलला अडकवायचा, गाडीचा वेग कमी होतोय हे जाणवलं की तो पेडल दाबतो. दुसरा कारमध्ये कायमचा बसवलेला, जो मोटरहोमच्या ब्रेकच्या हवेवरून, दिव्यांच्या तारेवरून किंवा टो बारवर येणाऱ्या रेट्यावरून चालतो.

तपासणी

सपाट जागी दोन माणसं लागतात. एक मोटरहोमच्या सीटवर, दुसरा मागे.

आधी जोडणी पाहा. टो बारचे दोन्ही हात पूर्ण ताणून लॉक झालेत का, साखळ्या टो बारखाली एकमेकींवरून फुलीसारख्या गेल्यात का, दिव्यांची केबल वळणावर ताणली जाईल का. तुटक-तार, म्हणजे गाडी सुटली तर पिन खेचून ब्रेक लावणारी तार, मोटरहोमच्याच सांगाड्याला अडकवा, टो बारला नव्हे. टो बारच निखळला तर त्याला बांधलेली तार त्याच्यासोबत जाईल आणि पिन जागची हलणार नाही. तार जमिनीला घासू नये आणि वळणावर ताणूही नये.

पेटीवाला प्रकार असेल तर एक पायरी लोक हमखास विसरतात. कारचं इंजिन बंद करून पेडल दगडासारखं घट्ट होईपर्यंत चारपाच वेळा दाबायचं आणि मगच पेटी बसवायची. पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूममुळे पेडल मऊ लागतं. पेटी त्या मऊपणावर बसवली तर दाबाचं गणित चुकतं आणि चाकं जाम होऊ शकतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत पेडलची रचना वेगळी असते, तिथे कारची आणि ब्रेकची अशा दोन्ही पुस्तिका वाचल्याशिवाय काहीच जोडू नका. मुळात ती कार चारही चाकांवर ओढायला कंपनीची परवानगी आहे का, हेही कारच्या पुस्तिकेतच मिळतं.

मग पुढच्याने मोटरहोमचा ब्रेक दाबायचा, मागच्याने पेडल आणि कारचे मागचे दिवे बघायचे. दिवे लागलेच पाहिजेत. पेडल मात्र प्रत्येक प्रकारात हलेलच असं नाही. बऱ्याच पेट्या वेग कमी होण्याच्या जाणिवेवर चालतात, म्हणून उभ्या गाडीत त्या स्वस्थ बसतात. तशा पेटीवर चाचणीचं बटण असतं, ते दाबून पाहा. कायम बसवलेल्यांपैकी मोटरहोमच्या ब्रेकच्या हवेवर चालणाऱ्या प्रकारात उभ्यानेही पेडल खाली गेलं पाहिजे.

त्यानंतर तुटक-तारेची पिन हाताने ओढा. पेडल खाली जाऊन तिथेच राहिलं पाहिजे आणि मोटरहोम अगदी हळू पुढे घेतलं तर कार अडकल्यासारखी जाणवली पाहिजे. झालं की पिन लगेच परत बसवा. नाहीतर यंत्रणा कारची बॅटरी संपवेपर्यंत दाबतच राहते.

शेवटची चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये, ताशी २५-३० किलोमीटर वेगाने. ब्रेक दाबा. मोटरहोममधला सूचक दिवा लागला पाहिजे, कारने मागून ढकलता कामा नये आणि तिची चाकं घासत जाता कामा नयेत. ढकलत असेल तर दाब वाढवा, घासत असतील तर कमी करा. बहुतेक पेट्यांवर यासाठी खटका असतो.

दिवा लागतोय म्हणजे सगळं ठीक, असा समज करून घेऊ नका. सगळ्यात धोकादायक बिघाड उलटा असतो: ब्रेक लागतात, पण सुटत नाहीत. मोटरहोम एवढं ताकदवान असतं की मागची कार ब्रेक लागलेल्या अवस्थेत किलोमीटरच्या किलोमीटर ओढली गेली तरी पुढे पत्ता लागत नाही. चाकं तापतात, टायर पेट घेतो. म्हणून महामार्गावर दहा-पंधरा मिनिटं गेल्यावर पहिल्या थांब्याला उतरा आणि चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल, तर तिथेच थांबून पेडल मोकळं आहे का ते बघा. सूचक दिवा सतत पेटून राहिला, तरी हेच करायचं.

बॅटरीही दुर्लक्षित राहते. पेटी, दिवे आणि स्टीअरिंगसाठी चालू ठेवलेली चावी, हे सगळं कारच्याच बॅटरीवर चालतं. मोटरहोमकडून चार्जिंगची तार जोडलेली नसेल तर दिवसअखेर कार सुरू होत नाही, आणि त्याआधी बॅटरी मंदावताच ब्रेकही मंदावतात.

आणि जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचं नाही. कारची पुढची चाकं आडवी वळतात, टो बार वाकतो. पेट्रोल पंपावर अडकलात तर कार सोडवा, मोटरहोम मागे घ्या, पुन्हा जोडा. पुन्हा जोडलीत की वरची तपासणीही पुन्हा, निदान दिवे, पिन आणि पेडल.

सोबत ठेवायचे कागद

मूळ लायसन्स, आयडीपी, पासपोर्ट, अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा आय-९४ चा प्रिंट. मोटरहोम आणि कार या दोन्हींची नोंदणी व विमा, विमा कंपनीचं ते लेखी उत्तर आणि ब्रेक बसवल्याची पावती. ब्रेकची पुस्तिका कारच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये नको, मोटरहोममध्ये ठेवा. मुक्काम लांबला आणि आयडीपी तिथेच संपला, तर २०२१ च्या त्याच दुरुस्तीनुसार भारतीय दूतावासामार्फत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. तो अर्ज पुढे वाहन पोर्टलवरून तुमच्या मुंबईतल्या आरटीओकडेच येतो.