पत्र्या मारुती, उंदीर आणि डोक्यातला नकाशा

पुण्यात पत्ता सांगताना रस्त्याचं नाव क्वचितच निघतं. ‘पत्र्या मारुतीपाशी ये, मग फोन कर’ एवढं पुरतं. गणपतीत मांडवाने गल्ली अडली की रिक्षावाला क्षणभर थांबतो, भलत्याच बोळात रिक्षा घालतो आणि बरोब्बर जिलब्या मारुतीपाशी बाहेर काढतो. नेहमीची वाट बंद झाल्यावर हे सुचतं कसं, यावर मानसशास्त्रज्ञ एकेकाळी हिरिरीने भांडले आहेत.

प्राणी फक्त वळणं पाठ करतो, डावं-उजवं-डावं, असं तेव्हाचं वजनदार मत. बर्कलीच्या एडवर्ड टोलमनला ते पटेना. १९४६ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह उंदरांना वळशाच्या वाटेने खाण्यापर्यंत जायला शिकवलं. मग ती वाट बंद केली आणि समोर पंख्याच्या पात्यांसारख्या १८ नव्या वाटा मांडल्या. सर्वाधिक उंदरांनी निवडली ती खाण्याच्या रोखाने जाणारी वाट! (खाण्याजवळ दिवा होता, असा आक्षेप निघालाच, आणि तो रास्तही होता.) १९४८ मध्ये टोलमनने ‘डोक्यातला नकाशा’ ही कल्पना निबंधात मांडली. तो नकाशा मेंदूत नेमका कुठे, हे सांगायला मात्र हातात काही नव्हतं.

ते १९७१ मध्ये लंडनला सापडलं. जॉन ओकीफ आणि जोनाथन डोस्ट्रोव्स्की यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे समुद्रघोड्यावरून नाव पडलेल्या मेंदूच्या भागात, बारीक तारा बसवल्या. काही पेशी उंदीर एका ठरावीक जागी आला की तडतडायच्या, तिथून हलला की गप्प. दुसरी पेशी, दुसरी जागा. जणू प्रत्येकीचा आपापला मारुती. या झाल्या ‘प्लेस सेल’.

१९८४ मध्ये जेम्स रँक यांनी डोकं कुठल्या दिशेला वळलंय ते सांगणाऱ्या पेशी दाखवल्या. २००५ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमला माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्याच भागात ‘ग्रिड सेल’ सापडल्या, आणि मला यातलं सगळ्यात सुंदर तेच वाटतं. यातली एकच पेशी अनेक जागी पेटते. त्या जागा कागदावर मांडल्या तर ठिपक्यांची रांगोळी दिसते, प्रत्येक ठिपक्याभोवती सहा ठिपके. जमिनीवर असं काहीच नसतं, रांगोळी उंदराचा मेंदूच घालतो. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं.

माणसांचं म्हणाल, तर लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. २००० मध्ये मेंदू-संशोधक एलिनॉर मॅग्वायर यांना या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. तो मुळातच मोठा असेल, ही शंका उरली होती. म्हणून पुढे उमेदवारांना परीक्षेच्या आधी आणि नंतर तपासलं: पास झालेल्यांचा वाढला होता, नापास झालेल्यांचा नाही.