खिमा घेताय? आधी तुकडा बघा

नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी दुकानात रांग लागलेली असते, त्यात कोणी काकू हळूच विचारतात की ह्यांना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय मग खिमा द्यायचा की बंदच करायचा, कोणी जिमला जाणारा मुलगा विचारतो सोयात खरंच मटणापेक्षा जास्त प्रोटीन असतं का, आणि मागचे लोक घाई करत असतात त्यामुळे नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हा कागद छापलाय. घरी न्या, सावकाश वाचा, आणि ज्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कोणी करतं त्यांनी त्यांनाही वाचायला द्या.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की खिमा तब्येतीला कसा पडणार हे दोनदा ठरतं, एकदा मशीनमध्ये जाण्याआधी तुकडा निवडताना आणि दुसऱ्यांदा घरी कढईत तेल ओतताना. मधला मसाला, आलं-लसूण, कोथिंबीर जे काय घालाल ते घाला, त्याने फार बिघडत नाही. आणि तेलाची गोष्ट मटणाला जेवढी लागू आहे तेवढीच सोयालाही आहे.

आता मटणाचं बघू. आपल्याकडे मटण म्हणजे बहुतेक वेळा बोकड किंवा शेळी, आणि बोकडाचं मटण मुळात फार चरबीचं नसतंच, चरबी काढलेल्या कच्च्या मटणात १०० ग्रॅमला साधारण २-३ ग्रॅम फॅट आणि २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. पण खिमा झाला की आत काय गेलं ते दिसत नाही ना! मांडीचा तुकडा असो की सीन्याचा (छातीचा), चरबी असो की पापुद्रे, सगळं एकसारखं बारीक होऊन बाहेर येतं. समजा एक किलो खिम्यात १५० ग्रॅम चरबी गेली, म्हणजे एक मूठ-दीड मूठ, तर तोच खिमा १०० ग्रॅमला १२-१३ ग्रॅम फॅटच्या घरात जातो, आणि वर घरी तेल आहेच. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो की आधी तुकडा दाखवा म्हणा, मग खिमा करा म्हणा. आमच्याकडेच नाही, कुठेही घेतलात तरी.

कुठला तुकडा? मांडीचा सगळ्यात कमी चरबीचा, खांद्याचा थोडा जास्त रसदार, आणि सीन्यात चरबी भरपूर. कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर असं काही घरात असेल तर मांडी घ्या आणि वरची पांढरी चरबी आणि जाड पापुद्रा समोर काढून घ्या. रोजच्या धडधाकट माणसांसाठी मांडी-खांदा अर्धं अर्धं छान लागतं. तयार खिमा ट्रेमध्ये ठेवलेला असेल तर जवळून बघा, लालसर गुलाबी रंगात पांढरे ठिपके किती दाट आहेत ते दिसतं, आणि चिमूटभर बोटांत चोळलात की बोटं लगेच तेलकट होतात का तेही कळतं (हात धुवा हां नंतर). अजून एक गोष्ट जी लोक विचारत नाहीत पण विचारायला हवी, मशीनच्या आत आधीच्या गिऱ्हाइकाचा थोडा माल अडकून राहतो, म्हणून पहिली मूठभर बाजूला काढायला सांगा. चिकनच्या खिम्यानंतर लगेच मटण टाकत असतील तर मशीन धुऊन घ्यायला सांगा, लाजू नका.

चिकन खिमा म्हणजे आपोआप हलका, हा समज आम्हाला रोज ऐकू येतो. ब्रेस्टचा, कातडी काढलेला असेल तर हो, १०० ग्रॅमला ३ ग्रॅमच्या आत फॅट. लेगचा थोडा जास्त पण मऊ राहतो, ४ ग्रॅमच्या आसपास. पण कातडीसकट खिमा केला तर सगळं गणित फिरतं कारण नुसत्या कातडीत जवळपास एक तृतीयांश फॅटच असतं. तेव्हा बोनलेस, कातडी नको, एवढं स्पष्ट सांगा. ब्रेस्टचा खिमा कोरडा पडतो ही तक्रार खरी आहे, त्यात थोडं दही किंवा किसून पिळलेला दुधी घाला, मऊ होतो.

बीफ आम्ही ठेवत नाही, पण विचारणारे असतात म्हणून लिहितो. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीला २०१५ पासून बंदी आहे त्यामुळे इथे त्या नावाने मिळतं ते म्हशीचं असतं आणि ते मुळात कमी चरबीचंच असतं. ज्यांची मुलं अमेरिकेत शिकायला गेलीत त्यांना मात्र तिकडच्या पाकिटावर ८०/२० किंवा ९३/७ असे आकडे दिसतात, त्यातला दुसरा आकडा वजनात किती टक्के फॅट आहे ते सांगतो. ११३ ग्रॅमच्या एका पॅटीत ८०/२० मध्ये जवळपास २३ ग्रॅम फॅट आणि ९३/७ मध्ये ८ ग्रॅम, एवढा फरक! तिकडे निदान आकडा छापलेला असतो, आपल्याकडे तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो.

किती खायचं? वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडचं म्हणणं आहे की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार पाळणाऱ्या घरात तीन वेळा मटणच झालं तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते, म्हणून त्यातला एक वार चिकनला आणि एक वार खाली लिहिलेल्या प्रकारांना द्या असं आम्ही म्हणतो. आमची विक्री कमी झाली तरी चालेल पण हे आम्ही मनापासून सांगतोय, वर्षानुवर्षं येणारी माणसं आहेत आपली.

आता बिनमटणाचा खिमा. यात सगळ्यात आधी सोया ग्रॅन्युल्स. सोयाबीनमधून तेल काढून उरलेल्या पिठाचे हे दाणे, आणि ते सोयाबीन आपल्याच लातूरकडचं, विदर्भातलं असू शकतं. सुक्या दाण्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते बरोबर आहे, पण कोणी सुके दाणे खात नाही ना, भिजल्यावर ते तिपटीच्या आसपास होतात आणि मग १०० ग्रॅमला १६-१७ ग्रॅम प्रोटीन उरतं, म्हणजे मटणाच्या जवळपास. फॅट जवळजवळ नाहीच. वर फायबर मिळतं जे मटणात अजिबात नसतं.

पण सोया आवडत नाही म्हणणाऱ्या दहातल्या बहुतेकांनी तो नीट धुतलेला खाल्लेलाच नसतो असं आमचं मत आहे. उकळत्या पाण्यात मीठ घालून दाणे टाका, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. मग चाळणीत ओता, गार पाणी घाला आणि मुठीत घेऊन घट्ट पिळा, फेसाळ पिवळट पाणी निघतं आणि त्यातच तो कच्चा वास असतो. पुन्हा पाणी, पुन्हा पिळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कोरड्या कढईत तेल न घालता पाच-सात मिनिटं परता, दाणे सुटे होतात आणि कडेला जरा तांबूस होतात. आता कांदा-टोमॅटो-मसाल्यात टाका. इथे एक सावधगिरी, सोया स्पंजसारखा तेल पितो, कढईत कोरडं दिसलं की हात आपोआप बुधलीकडे जातो आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, असे चार चमचे गेले की वाचवलेलं सगळं परत आलं. तेलाऐवजी गरम पाण्याचा हबका मारा किंवा टोमॅटो वाढवा.

ज्यांच्या घरी एकदम सोया चालत नाही त्यांच्यासाठी आमचा सगळ्यात लाडका उपाय म्हणजे अर्धा-अर्धा. पाव किलो मटण खिमा आणि ६०-७० ग्रॅम सुके सोया दाणे. मटण आधी कांद्यावर भरपूर परतून, कुकरला शिजवून घ्या, मग पिळलेला सोया टाकून वर दहा मिनिटं झाकण ठेवा, मटणाचा रस सोयात उतरतो. थोडे मटार टाका. चार माणसांचं व्यवस्थित होतं, खर्च कमी, चरबी निम्मी आणि पोरांना कळतही नाही. यात तेल एकच चमचा, कारण मटणाची चरबी सुटतेच.

मसूर विसरू नका. कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर खाणाऱ्यांना सांगायला नको, भिजवून शिजवलेला मसूर अर्धवट ठेचून, बारीक चिरून कोरडे परतलेले मशरूम घालून, कांदा-लसूण मसाल्यात केला की पावाबरोबर फार झकास लागतो. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅमला ९ ग्रॅम प्रोटीन. फणसाचा खिमा हल्ली सगळे करतात, कोकणातल्या माणसाला कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी आवडणारच, चव आणि चावायला मस्त, पण प्रोटीन १०० ग्रॅमला जेमतेम २ ग्रॅम, तेव्हा तो भाजी म्हणून खा आणि बरोबर डाळ किंवा उसळ ठेवा. पनीर भुर्जी चांगलीच, फक्त पनीरमध्ये १०० ग्रॅमला २० ग्रॅम किंवा जास्तही फॅट असतं हे डोक्यात ठेवा, वजन कमी करायला मटण सोडून पनीरवर आलेल्यांनी तर नक्कीच.

फ्रोजन प्लांट बेस्ड, म्हणजे मांस न वापरता वनस्पतींपासून केलेले खिमा, कबाब हे आता बऱ्याच कंपन्या करतात, रितेश आणि जिनिलिया देशमुखांनीही २०२१ मध्ये इमॅजिन मीट्स काढली. प्रवासाला, पार्टीला, मांसाहार सोडलेल्यांना हे सोयीचं आहे. घेताना कुठलंही पाकीट असो, मागची बाजू वाचा, सोडियम किती आणि सॅच्युरेटेड फॅट किती. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ, आणि दिवसभरात ५ ग्रॅम मीठ पुरे. हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, पण त्यात दुधाचा पदार्थ असू शकतो, पूर्ण व्हीगन हवं असेल तर पानासकट व्ही असं चिन्ह बघा.

काही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच करा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया आणि गोळी यात अंतर किती ठेवायचं ते विचारा कारण सोयामुळे गोळी नीट लागू पडत नाही. युरिक ॲसिडवाल्यांनी मटण आणि खास करून कलेजी-गुर्दा आवरतं घ्या. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन कुठलंही असो, मोजून. आणि मटण-चिकन-अंडी पूर्ण सोडणार असाल तर बी-१२ कडे लक्ष द्या, सोयात, मसुरात ते नसतं. सोया खाऊन पुरुषांची ताकद जाते असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं त्याची भीती बाळगू नका, नेहमीच्या जेवणातल्या प्रमाणात टेस्टोस्टेरॉनवर परिणाम झालेला अभ्यासात दिसलेला नाही.

घरी नेल्यावर काय? अखंड मटणाचे जंतू वरवर असतात, खिमा केला की ते आतपर्यंत मिसळतात, म्हणून खिमा बाहेर ठेवायचा नाही. फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीजरमध्ये, पिशवी चपटी करून ठेवा म्हणजे लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. बर्फ सोडवायला रात्री खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. कढईतला खिमा आपण भरपूर शिजवतोच, काळजी कबाब, कटलेट, बर्गरच्या पॅटीची, बाहेरून लाल आणि आत कच्चं राहतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध मटणाला ७१ आणि चिकनला ७४ डिग्री यायला हवी, नसेल तर पॅटी पातळ थापा आणि झाकण ठेवून शिजवा. कबाब बांधायला चरबी लागते म्हणतात, पण शिजवलेली हरभरा डाळ वाटून घातली तरी छान बांधतात.

श्रावणात आमचं मटणाचं काउंटर बंद असतं तेव्हा सोया दाणे, मसूर आणि ताजे मशरूम ठेवतो, आधी सांगितलंत तर बाजूला काढून ठेवू. एरवी चरबी काढलेला मांडीचा खिमा हवा असेल तर रविवारचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा. वजन आम्ही चरबी काढल्यावरच करतो, त्यामुळे त्याचा भाव किलोमागे थोडा जास्त लागतो, आणि काढलेली चरबी तुम्हाला हवी असेल तर वेगळ्या पिशवीत देतो, तिचे पैसे घेत नाही.