मध्ययुगीन रोमान्स म्हणजे नक्की कोणता?

माझी एक मैत्रीण वसईची, पट्टीची वाचक. तिने एकदा विचारलं, "मध्ययुगातला एखादा छान रोमान्स सुचव ना, ख्रिस्ती वातावरणातला." मी मोठ्या उत्साहाने आर्थर राजाच्या दरबारातल्या लान्सलॉट या शूर सरदाराची गोष्ट तिच्या हातात ठेवली. आठवडाभरात पुस्तक परत. "अगं, ती राजाची बायको आहे! आणि हा बाबा खिडकीचे गज वाकवून तिच्या खोलीत शिरतो!"

तिला हवी होती अलीकडे, मुख्यतः अमेरिकेत लिहिली जाणारी ख्रिस्ती प्रेमकादंबरी, जिची गोष्ट मध्ययुगात घडते. मी दिला होता मध्ययुगातच लिहिलेला रोमान्स. नाव एकच, घराणी दोन.

हा घोळ शब्दापासूनच सुरू होतो. आज रोमान्स म्हटलं की प्रेमप्रकरण. बाराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मात्र 'रोमांझ' म्हणजे लोकांची बोली, लॅटिन नव्हे ती. त्या बोलीत रचलेल्या सरदार-नाइटांच्या गोष्टींना पुढे तेच नाव चिकटलं. त्यात प्रेम असतं, पण जादूचे झरे, द्वंद्वयुद्धं, पैजा आणि भटकंतीही असते. आपल्याला यात नवल वाटायला नको. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव आपण अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन टाकलंच आहे की.

लान्सलॉट आणि राणी ग्विनिव्हिअर यांचं प्रेम पहिल्यांदा सविस्तर रंगवणारा कवी म्हणजे क्रेतिअँ द त्रॉय. गंमत अशी, की 'क्रेतिअँ' या नावाचा अर्थच 'ख्रिस्ती'. शांपान्यच्या मारी या सरदारपत्नीने आपल्याला विषय दिला, असं तो सुरुवातीलाच सांगतो. गोष्टीत पळवून नेलेल्या राणीच्या शोधात लान्सलॉट निघतो आणि वाटेत त्याच्यापुढे गुन्हेगारांची धिंड काढायची गाडी येते. तीत चढलं तरच राणीचा पत्ता लागणार, पण नाइटची अब्रू जाणार. तो फक्त दोन पावलांपुरता घुटमळतो आणि चढतो. पुढे राणी त्याच्यावर रुसते ती त्या दोन पावलांसाठी! आणि एकत्र घालवलेल्या रात्रीनंतर निघताना तो तिच्या खोलीपुढे वेदीसमोर वाकावं तसा वाकतो. मैत्रिणीला खटकलं ते हेच, आणि मला भुरळ पडते तीही याचीच. भक्तीची सगळी भाषा, सगळे हावभाव इथे देवाकडून उचलून एका बाईच्या पायाशी ठेवले आहेत. क्रेतिअँने हे काव्य स्वतः पूर्ण केलं नाही, शेवट दुसऱ्याच कवीवर सोपवला. का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

पण यावरून जुने रोमान्स म्हणजे सगळा व्यभिचारच, असं कुणी समजू नये. क्रेतिअँच्याच 'एरेक आणि एनीद'मध्ये नवराबायकोचंच प्रेम आहे. त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या शेवटच्या काव्यात पर्सिव्हल पाच वर्षं देवाला विसरून भटकतो. एका गुड फ्रायडेला तो चिलखत घालून चाललेला असतो, तेव्हा वाटेतले यात्रेकरू त्याला फटकारतात: आजच्या दिवशी शस्त्रं? मग तो एका तपस्व्याकडे जाऊन रडतो. आजच्या ख्रिस्ती कादंबरीत हा प्रसंग गोष्टीचा कळस झाला असता. क्रेतिअँकडे तो थोडक्या ओळींत उरकतो आणि कथा दुसऱ्याच सरदारामागे धावते.

आता नवी कादंबरी. या ख्रिस्ती प्रेमकथांना मोठा वाचकवर्ग मिळाला तो जेनेट ओक यांच्या 1979 सालच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली'पासून, असं सहसा सांगितलं जातं. ती गोष्ट मध्ययुगातली नाही, अमेरिकेच्या माळरानावरची. पण साचा तिथे घडला. परिस्थितीमुळे लग्न आधी होतं आणि प्रेम हळूहळू नंतर उमलतं. (मराठी वाचकाला यात नवीन काय, असं आमच्या आईने विचारलं असतं.) पुढे हाच साचा किल्ले, मठ आणि जत्रांच्या पार्श्वभूमीवर बसवला गेला. नायक-नायिकेच्या जोडीला देव हे तिसरं पात्र असतं. शारीर जवळीक चुंबनापाशी थांबते. आणि बहुतेकदा दोघांपैकी एकाचा देवावरचा विश्वास उडालेला असतो. तो परत येईपर्यंत लग्नाची घंटा वाजत नाही.

माझ्या मते खरा फरक प्रेम पवित्र की अपवित्र यात नाही. देव कुठे बसतो, यात आहे. जुन्या रोमान्समध्ये देव हवेसारखा सगळीकडे असतो: सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना), सणांचं पंचांग, मठातला मुक्काम. त्यावर कुणी थांबून बोलत नाही. नव्या कादंबरीत देव नायिकेच्या मनात बोलतो, आणि ती त्याला उत्तर देते.

हे नीट कळतं ते 'सर गॉवेन अँड द ग्रीन नाइट'मध्ये. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे इंग्रजी काव्य 2530 ओळींचं आहे, आणि त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. गॉवेन या नाइटच्या ढालीवर बाहेरून पंचकोनी तारा, तर आतल्या बाजूला, त्याला एकट्याला दिसेल असं, मरिया मातेचं चित्र. यजमानाची देखणी बायको सलग तीन दिवस सकाळी त्याच्या बिछान्यापाशी येते. मरियेने लक्ष ठेवलं नाही तर दोघांवर मोठं संकट ओढवेल, असं कवी सांगतो. गॉवेन चुंबनांपलीकडे जात नाही, पण जीव वाचवणारा म्हणून तिने दिलेला हिरवा पट्टा लपवून ठेवतो आणि मग पापनिवेदनालाही जातो. शेवटी त्याला लाज वाटते ती त्या पट्ट्याची.

हे मी मैत्रिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग माझ्या त्या कादंबऱ्यांमध्ये मरिया कुठे असते?" प्रश्न नेमका होता. यातले बरेच लेखक प्रोटेस्टंट परंपरेतले, त्यामुळे त्यांची तेराव्या शतकातली नायिका संतांना साकडं घालत नाही, जपमाळ ओढत नाही. रात्री दिव्याच्या उजेडात आपल्या भाषेतलं बायबल वाचते. इंग्लंडमध्ये संपूर्ण बायबलचं इंग्रजी भाषांतर आलं ते 1380 च्या दशकात, विक्लिफ या धर्मसुधारकाच्या अनुयायांकडून, आणि पुढच्या तीसेक वर्षांत त्यावर निर्बंधही आले. खऱ्या श्रीमंत घरातल्या बाईच्या हाती असायचं ते स्तोत्रांचं किंवा प्रार्थनांचं पुस्तक, बहुधा लॅटिन.

एका बाबतीत मात्र या कादंबऱ्यांवर उगाच टीका होते. बळजबरीच्या लग्नाला ठणकावून नकार देणारी नायिका दिसली, की लोक म्हणतात हा आजचा विचार मागे नेऊन चिकटवला. तसं नाही. वधूवरांची संमती हाच विवाहाचा पाया, ही भूमिका पोप तिसरा अलेक्झांडर याच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकातच, चर्चच्या कायद्यात पक्की झाली होती. 1215 च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या सनदेतही विधवेवर पुनर्विवाहाची सक्ती करू नये, असं कलम आहे. व्यवहारात दडपण येतच असे. पण 'नाही' म्हणायला आधार होता, आणि कादंबरीला तेवढी फट पुरते.

मराठीत हे दोन प्रवाह जवळजवळ एकदमच, पण वेगवेगळ्या दारांनी आले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, ख्रिस्ती दृष्टीची, विधवांच्या दुःखाची. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' 1861 ची. दोन्ही एकाच पुस्तकात कुणी गुंफली असती, तर आमचं आजचं बोलणं फार सोपं झालं असतं.

हल्ली कुणी विचारलं, तर मी आधी एकच प्रश्न करते: शेवटी लग्न हवं का? हवं असेल तर नवी कादंबरी. चालेल काहीही असं म्हणालं, तर गॉवेन. लान्सलॉट मी कुणाला पहिल्यांदा देत नाही. मैत्रीण सध्या पर्सिव्हलवर आहे. परवा तिचा फोन आला होता, गुड फ्रायडेचं पान झालं म्हणून, आणि पुढे त्याचं काय होतं ते विचारायला. पर्सिव्हलची गोष्ट तिथून पुढे जातच नाही, हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.